रांजनात पानी न्हाई

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमचं गाव, जात, पगार यातलं काही विचारलं नाही. दार उघडून ते म्हणाले, "आत जा आणि काहीतरी बोला." मी आणि माझे यजमान एकमेकांकडे बघत उभे राहिलो. शेवटी यजमान घसा खाकरून म्हणाले, "खोली बरी आहे." मालकांनी मान तिरकी करून ते ऐकलं. "खिडकीपाशी भांडू नका, रस्त्यापर्यंत जातं," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यात भांडा. तिथली भिंत आवाज खाते." एवढ्यावर खोली आमची झाली.

युद्धाची वर्षं होती ती. यजमान नगरला लष्कराच्या कोठारात कारकून होते, मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. ख्रिस्ती वस्तीतल्या बसक्या कौलारू घरात बिऱ्हाड केलं म्हणून सासरी नाकं मुरडून झाली होती. मालक मिशनच्या शाळेत जन्मभर सुतारकाम शिकवून नुकतेच घरी बसले होते. घरी बसले असं आपलं म्हणायचं, कारण त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे आणि त्यांच्या बायकोला आक्का. मूलबाळ नव्हतं.

मास्तर माणसं सुरावरून ओळखत. पेटीवर गाणारे लोक पट्ट्यांना पांढरी एक, काळी चार अशी नावं देतात. मास्तरांनी ती नावं सगळ्या जगाला देऊन टाकली होती. आमच्या दाराची बिजागरी काळी तीन होती. शेजारचा बोकड पांढरी सहा होता आणि पावसाळ्यात थोडा उतरत असे. "तुमचे यजमान पांढरी एकला घोरतात," असं त्यांनी मला एकदा सकाळी चूळ भरता भरता सांगितलं. "चांगलं लक्षण आहे. रात्रभर सूर सोडत नाहीत." यावर घरातल्या बाईने काय बोलायचं? मी बरं म्हटलं. एवढा तयार कान असून माणसाच्या गळ्यात मात्र काही नव्हतं. देवळात मास्तर गायला लागले की पुढच्या बाकावरची माणसं गीतांच्या पुस्तकात तोंड लपवत. ते ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत, मलाही तीच सवय लागली.

मडकं विकत घेताना आपण टिचकी मारून बघतो. मास्तर मडक्याच्या काठाला ओठ लावून आत फुंकत. फुंकर बसली की मडकं हुंकार देई. तो पसंत पडला तर घ्यायचं, नाहीतर दुसरं उचलायचं. कुंभारवाड्यात त्यांना येताना बघून कुंभाराची बायको फडकं टाकून मडकी झाकत असे. "मास्तर, तुमी समदी मडकी उष्टी केल्यावर गिऱ्हाइकानं काय करायचं?" ती विचारी. मास्तर खिशातून रुमाल काढून प्रत्येक मडक्याचा काठ पुसून देत. त्याने तिचं समाधान होत नसे.

ही मडकी मागच्या पत्र्याच्या पडवीत जात. तिथे वाळलेले कडू भोपळे, बांबूच्या नळ्या, रॉकेलचे डबे, अशी अडगळ शिंक्यांत टांगलेली होती. प्रत्येकाच्या बुडाला बोट जाईल न जाईल एवढं भोक, आणि त्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवलेला. मास्तर या सगळ्यांना 'कान' म्हणत. एकदा त्यांनी मला एका मडक्याची नळी कानाला लावायला दिली आणि ते लांब जाऊन खालच्या आवाजात हूं करू लागले. हळूहळू वर चढत गेले. मला काही ऐकू येईना. मग एका जागी मडकं एकदम माझ्या कानात असं गरजलं की मी नळी टाकून दिली.

"भेटला त्याला त्याचा सूर," मास्तर म्हणाले. "प्रत्येक भांड्याचा एकच सूर असतो. तो सोडून ते दुसऱ्या कुणाशी बोलत नाही."

हा उद्योग त्यांनी का मांडला होता, ते मला आक्कांनी सांगितलं. आक्का तिसगावकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन नगरला आल्या तेव्हा देवळात त्यांचा गळा असा लागे म्हणे की बाहेर टांगेवाले टांगे थांबवून ऐकत. मास्तर तर काय, काळी चार म्हटलं की अजूनही आक्कांकडे बघत. पण मी तिथे राहायला गेले तेव्हा त्या गळ्याचं काही उरलं नव्हतं. घशात गाठ होती. आवाज फाटून खाली उतरला होता आणि दोन वाक्यांनंतर दम लागे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. ईस्टरचा सण झाला की या.

"आवाज गेला तर गेला," आक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या. "हात हायेत की. पन ह्यांना कुनी सांगायचं?"

मास्तरांना तो आवाज ठेवून घ्यायचा होता. त्यांच्याकडे एक जुना फोनोग्राफ होता. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावातून आणलेला. तबकड्यांच्या ग्रामोफोनच्या आधीचं हे यंत्र. याला मेणाचं पोकळ नळकांडं लागतं, किल्ली दिली की ते फिरतं, आणि कर्ण्यात बोललेलं सुई मेणावर कोरून ठेवते. दुसरी सुई लावली की तेच परत ऐकू येतं. चूक झाली तर मेणाचा वरचा थर तासून पुन्हा कोरायचं. रंधा मारणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार आवडली असणार. पण यंत्र जुनं आणि जरा बहिरं. त्याच्यापुढे ओरडावं लागे, आणि आक्कांना ओरडता येत नव्हतं. म्हणून हे कान. आक्कांचा बारीक आवाज मडक्याने मोठा करायचा, नळीतून कर्ण्यात सोडायचा आणि मेणावर उतरवायचा, असा सगळा बेत होता. साहेबाकडून आलेल्या नळकांड्यांना बुरशी येऊन एकच धड राहिलं होतं. नगरच्या उन्हाळ्यात ते मऊ पडू नये म्हणून मास्तर ते ओल्या फडक्यात गुंडाळून विहिरीत टांगून ठेवत. त्या विहिरीवरून पाणी आणणं हे घरातलं त्यांचं एकमेव काम होतं आणि ते रोज राहून जाई. नळकांडं जपून वर यायचं, घागर खालीच.

त्यामुळे आक्कांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं. रोज दुपारी मधल्या घरातून यायचं, "आवो, ऐकलं का? रांजनात पानी न्हाई."

तिसगावच्या बाजारात जे झालं ते मात्र मडक्यांपायी झालेल्या सगळ्या गोष्टींवर ताण होतं. तिथल्या कुंभाराची माती वेगळी, तिचा सूर स्वच्छ येतो, असं कुणीतरी सांगितलं म्हणून मास्तर तिकडे गेले. मनासारखं मडकं मिळालं. घरी येईपर्यंत धीर धरतील तर ते मास्तर कसले. खिशातलं गिरमिट काढून त्यांनी तिथेच, भर बाजारात, मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, कानाला लावून बघितलं, आणि खूश होऊन मडकं खांद्यावर घेऊन निघाले.

भोकाचं मडकं खांद्यावर घेऊन माणूस कधी चालतो हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. बाजारातली माणसं बाजूला सरली. कुणी टोपी काढली. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार नगरला निघत होती, तिचा ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "मास्तर, तुमी बसा, पन ते मडकं गाडीत नगं." मास्तरांनी मडकं सोडलं नाही, मोटार सोडली. चालत निघाले.

इकडे बाजारातून बातमी आक्कांच्या माहेरी पोचली. जावईबापू भोकाचं मडकं घेऊन नगरच्या रस्त्याने चालले आहेत. आक्का आजारी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. माहेरची माणसं ख्रिस्तीच, त्यांच्यात ती रीत नाही, पण गावात राहणाऱ्याला गावाच्या खुणा कळतात. भावांनी बैलगाडी जुंपली. मास्तर वाटेत कुठल्याशा धर्मशाळेत विसावले होते तेव्हा ही गाडी त्यांना ओलांडून पुढे आली असणार.

सकाळी मी शाळेला निघत होते. दारात गाडी थांबली आणि बायका हंबरडा फोडत उतरल्या. थोरले भाऊ ओट्याला धरून खाली बसले. तेवढ्यात आतून पीठ लागलेले हात पुढे धरून आक्का बाहेर आल्या आणि त्यांच्या फाटक्या आवाजात विचारत्या झाल्या, "कोन गेलं?"

भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. "तूच की गं," ते म्हणाले.

हसावं की रडावं हे ठरायच्या आत मास्तर गल्लीच्या तोंडाशी दिसले. पाय धुळीने माखलेले, खांद्यावर मडकं. त्यांनी आपल्या दारातली गाडी बघितली, बायकांचं रडणं ऐकलं, मेहुण्यांना ओट्यावर बसलेलं बघितलं. मडकं त्यांच्या खांद्यावरून खाली आलं आणि फुटलं. ते धावत आले नाहीत. पाय ओढत आले, माणसांमधून वाट काढली, आणि आक्का समोर उभ्या दिसल्यावर उंबऱ्यावरच बसले. बराच वेळ त्यांनी आक्कांच्या पायाचा अंगठा हातात धरून ठेवला होता. लोकांसमोर असं काही करणारे ते नव्हेत.

"फुटलं ते बरं झालं," आक्का म्हणाल्या. "आमच्यात पाळत न्हाईत, पन मला बघवत न्हाई. तुमची भोकाची मडकी पडवीत ऱ्हाऊ द्या. उंबऱ्याच्या आत एक आनायचं न्हाई."

मास्तरांनी हे मानलं. मग आक्काच पडवीत जाऊन बसू लागल्या. पत्रा तापायच्या आत, सकाळी. मास्तर सगळे कान काळी चारला लावून ठेवत, त्यासाठी कुणाचं तोंड कानशीने घासत, कुणात थोडं पाणी ओतत. आक्का देवळातलं एखादं गीत गायचा प्रयत्न करत. मग सुई बदलून ऐकायचं. नळकांड्यातून रस्त्यावरच्या गाडीचं चाक ऐकू येई, लष्कराच्या लॉरीचा भोंगा येई, आक्कांचा खोकला येई. आक्का येत नसत. मास्तर पुन्हा मेण तासत. दरवेळी नळकांडं थोडं बारीक होई.

एकदा मी धीर करून म्हटलं, "मास्तर, त्यांचा आवाज आता काळी चारला पोचत नाही."

"तिचा सूर काळी चार आहे," ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ईस्टर जवळ आला. मेण आता एकदाच तासता येईल इतकं उरलं, पुढच्या वेळी फुटणार हे मास्तरांच्या हाताला कळत होतं. ते जेवत कमी आणि मडक्यात फुंकत जास्त. अशात एका दुपारी मी आक्कांकडे लोणचं मागायला गेले होते. मास्तर मधल्या घरात पाटावर जेवायला बसलेले. कोपऱ्यात आक्कांचा रांजण. माहेरहून गाडीत पेंढा घालून आणलेला, लग्नाइतका जुना, त्यातलं पाणी इतकं गार की आमचे यजमान लाजलज्जा सोडून तांब्या घेऊन जात. आक्का वाकल्या, तांब्या खाली तळाला खडखडला. वाकलेल्याच त्या रांजणात तोंड घालून म्हणाल्या, "आवो, ऐकलं का? रांजनात पानी न्हाई."

आवाज घरभर झाला. आक्कांचाच, पण भरलेला, खालून उठलेला. कोपऱ्यातल्या पितळी ताटल्या झणझणल्या.

मास्तरांचा घास हातातच राहिला. "परत बोल," ते म्हणाले.

"काय परत बोल? पानी आना."

"तेच बोल. वाकून बोल."

आक्का वैतागून पुन्हा वाकल्या, पुन्हा बोलल्या. मास्तर उष्ट्या हाताने उठले, पेटी काढली, डाव्या हाताने भाता ओढून एकेक पट्टी दाबत खाली गेले. रांजण जिथे गुणगुणला तिथे थांबले. खालची पांढरी दोन. पुरुषाचा सूर. त्या पट्टीवरचं बोट त्यांनी उचललं नाही.

"मी दुसऱ्याच बाईसाठी मडकी जमवत बसलो गं," ते म्हणाले.

रांजण रिकामा होता म्हणून तो सूर निघाला, पाणी असतं तर निघाला नसता, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. म्हणजे त्यांच्या आळशीपणाचाही त्यात हात होता. आता अडचण एवढीच होती की रांजणाला भोक पाडायचं कसं. माहेरचा रांजण, तोही उंबऱ्याच्या आतला. मास्तर दिवसभर रांजणाभोवती घुटमळले आणि संध्याकाळी त्यांनी, काय आश्चर्य, कुणी न सांगता पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी तो रांजण स्वतः उपसून रिकामा केला आणि गिरमिट आणून मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. "बुडाशी पाडा," त्या म्हणाल्या. "आन मागनं खुट्टी मारा. सुतार हाय न्हवं तुमी?"

मास्तरांनी गिरमिट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. भोक मात्र स्वच्छ पडलं.

रविवारी गल्ली देवळात गेली की सामसूम होई. मास्तर जन्मात पहिल्यांदा उपासना चुकवून घरी राहिले. यंत्राला किल्ली द्यायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या बांगड्या वाजतील म्हणून ते काळजीत पडले. बांगड्या काढा असं मला म्हणायची त्यांची छाती होईना, मग मीच दोन्ही मनगटांना ओले पंचे गुंडाळले. मास्तरांनी आक्कांना रांजणापुढे बसवलं आणि सांगितलं की गाऊ नकोस, सूर हलला की रांजण गप्प बसेल. एकाच सुरात काहीतरी बोल.

"काय बोलू?"

"काहीही. तुला मनापासून वाटेल ते."

सुई मेणावर टेकली. बारीक कुरकुर सुरू झाली. आक्का रांजणाच्या तोंडावर वाकून बसल्या होत्या आणि त्यांना काही सुचत नव्हतं. देवाचं नाव घ्यावं की नवऱ्याचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मेण फिरत होतं, वाया जात होतं. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. आक्कांनी खाली रिकाम्या रांजणात बघितलं आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आवो, ऐकलं का? रांजनात पानी न्हाई. किती येळा सांगायचं? मी हाय म्हनून चाललंय समदं. उठा आता, उनं व्हायच्या आत आना."

मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी सुई उचलली, दुसरी लावली. कर्ण्यातून आक्का बोलल्या. थोड्या घोगऱ्या, पण शब्दन् शब्द. आक्का ऐकत राहिल्या.

"येवढी कजाग हाय मी?" त्या म्हणाल्या.

मास्तर पडवीत निघून गेले. त्यांचं रडणं कुठल्या पट्टीत होतं ते मला सांगता येणार नाही.

पुण्याहून आक्का परत आल्या त्या गळ्याला पांढरं फडकं बांधून. गळ्यातल्या भोकातून श्वास घ्यायच्या. आवाज नावाला नव्हता. मास्तरांनी पाटी-पेन्सिल आणून दिली, ती त्यांनी फळीवर ठेवून दिली. नळकांडं मास्तरांनी कापसात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं होतं. मेण मऊ असतं, प्रत्येक वेळी ऐकलं की थोडं झिजतं, म्हणून ते वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवशी ऐकायचं असा त्यांनी नेम ठरवला होता. मला तो नेम फार आवडला होता.

आक्कांना आवडला नाही. रांजणाला मारलेली खुट्टी मास्तरांनी लाख लावून बसवली होती, तरी ती थोडी झिरपायचीच, त्यामुळे पाणी आता पूर्वीपेक्षा लवकर संपत होतं. आणि मास्तर पूर्वीसारखेच पडवीत होते. एका दुपारी आक्कांनी ट्रंक उघडली, नळकांडं यंत्रावर चढवलं, किल्ली दिली आणि सुई ठेवली. "आवो, ऐकलं का?" सगळ्या घरात घुमलं. मास्तर पडवीतून धावत आले. "अगं, झिजेल ते! रोज लावायला ती काय तबकडी आहे?" आक्कांनी तांब्या रांजणाच्या तळाला खडखडवून दाखवला. मास्तर घागर घेऊन गेले.

पुढे आमची बदली झाली तेव्हा हे रोजचं होऊन गेलं होतं. मास्तर माझ्याकडे तक्रार करत, "जन्मभराची ठेव करून ठेवली, आणि ही पाण्यापायी उधळते आहे." आक्का माझ्याकडे बघून हसत. आवाज नसलेलं हसू फार खट्याळ दिसतं.

स्वातंत्र्य आल्यावर एकदा नगरला जायचा योग आला, तेव्हा भर दुपारी मी त्यांच्याकडे गेले. गल्लीत नळ आले होते, त्यांच्या घरात आला नव्हता. आक्का वाळल्या होत्या, गळ्याचं फडकं तसंच पांढरंशुभ्र. मला बघून त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं आणि पाणी द्यायला रांजणापाशी गेल्या. तांब्या तळाला खडखडला. त्यांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला आणि यंत्राकडे गेल्या.

किल्ली दिली. सुई ठेवली. मी कान देऊन वाट बघत राहिले. नुसती खरखर येत होती. मेण गुळगुळीत झालं होतं, त्यात शब्द नव्हता, सूर नव्हता, आक्कांचं काही म्हणजे काही राहिलेलं नव्हतं. मी आक्कांकडे बघितलं तर त्या शांतपणे पडवीच्या दाराकडे बघत होत्या.

पडवीतला रंधा थांबला.

"आणतो गं, आणतो," मास्तरांचा आवाज आला. "किती बोलशील?"

आणि घागर उचलून ते विहिरीकडे गेले.